शर्यत थांबवण्याचा अधिकार

१५ मार्च २०१३ रोजी तेल अवीवमध्ये मॅरेथॉन होती. उष्णतेची लाट येणार हे आधीच कळले होते, म्हणून ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन पुढे ढकलण्यात आली. अर्धमॅरेथॉन मात्र सुटण्याची वेळ थोडी अलीकडे ओढून ठरल्या दिवशीच घेतली गेली. तिच्यात एक तरुण धावपटू उष्माघाताने गेला आणि अनेक जण कोसळून रुग्णालयात पोहोचले. आयोजकांना धोक्याची कल्पना नव्हती, असे इथे म्हणता येत नाही. कल्पना होती आणि तिच्यावर विचारही झाला होता. फसला तो हिशोब. लांबची शर्यत धोक्याची आणि जवळची त्या मानाने निर्धोक, असे धरले गेले.

शरीर तसे चालत नाही. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा माणसाला पुढे नेण्यात खर्ची पडतो, उरलेली सगळी उष्णता होते. साठ-पासष्ट किलोचा माणूस तासाला दहा किलोमीटरच्या वेगाने धावू लागला आणि ही उष्णता बाहेर पडायला वाटच उरली नाही, तर दर सहा-सात मिनिटांना त्याचे तापमान एक अंशाने चढेल. एरवी तसे होत नाही ते घामामुळे. पण घाम येणे वेगळे आणि घाम वाळणे वेगळे. एक लिटर घामाची वाफ होते तेव्हा ती सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तोच घाम कोपरावरून ठिबकून रस्त्यावर सांडला तर काहीच नेत नाही. दमट हवेत घाम सांडतो, वाळत नाही. म्हणून पारा फार वर गेलेला नसतानाही मुंबईची किंवा पणजीची दमट सकाळ धावणाऱ्याला भारी पडते. त्यात उष्णता तयार होते ती वेगातून. पूर्ण मॅरेथॉनचा धावपटू दम राखून धावतो. दहा किंवा एकवीस किलोमीटरवाला जीव तोडून धावतो आणि तासाभरात शरीराला चाळीस अंशांच्या वर नेऊ शकतो.

अशा मृत्यूनंतर बातमीत बहुतेक वेळा एकच कारण येते: हृदयविकाराचा झटका. काही वेळा ते खरे असते. पण तेल अवीवच्या डॉक्टरांनी २००७ ते २०१३ या काळातल्या तिथल्या शर्यतींची नोंद तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे १,३७,००० धावपटूंमध्ये हृदयाच्या गंभीर घटना दोन होत्या आणि त्यांतली एकही प्राणघातक ठरली नव्हती. उष्माघाताच्या गंभीर घटना एकवीस होत्या, त्यांत दोन मृत्यू आणि बारा जण मरणाच्या दारातून परतलेले. कोसळलेल्या माणसाचे आतले तापमान वेळीच मोजले नाही तर उष्माघात कागदावर येतच नाही आणि सगळा दोष हृदयाच्या खात्यात जमा होतो. हे खाते आयोजकाच्या सोयीचे आहे. हृदय धावपटूचे असते. ऊन, वेळ, पाणी आणि रस्ता यांची निवड आयोजकाची असते. म्हणून प्रत्येक कोसळण्याला ‘आधीच काहीतरी असेल त्याला’ असे म्हणून टाकण्याआधी थर्मामीटर कुठे होता हे विचारले पाहिजे.

मॅरेथॉनच्या अर्जावर एक मजकूर असतो. मी तंदुरुस्त आहे, स्वतःच्या जबाबदारीवर धावत आहे, काही झाल्यास आयोजक, प्रायोजक, स्वयंसेवक यांपैकी कोणीही जबाबदार राहणार नाही. धावपटू तो न वाचता चौकोनात खूण करतो. या मजकुरात तत्त्व म्हणून काही खोटे नाही. प्रौढ माणसाने स्वतःच्या देहाबद्दल विचार करावा, ताप अंगावर घेऊन धावू नये, चालू औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे, सराव नसताना हट्टाने ‘हाफ’ला उतरू नये, हे सगळे त्याच्याकडून अपेक्षित आहेच. पण उष्माघाताच्या बाबतीत या युक्तिवादाचा पायाच ढासळतो. शरीराचे तापमान चाळीसच्या पुढे गेले की आधी मेंदू बिघडतो. माणूस बरळतो, चिडतो, तिरका चालतो, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नाही आणि तरीही ‘मी ठीक आहे’ म्हणत पुढे धावतो. जबाबदारी ज्याने पेलायची ते इंद्रियच सर्वांत आधी निकामी होते. त्या क्षणी त्याच्या वतीने निर्णय घेणारा दुसरा कोणी रस्त्यावर असलाच पाहिजे, आणि तो उभा करणे हे शर्यत भरवणाऱ्याचे काम आहे.

दुर्दैवाने या खेळाने अशा क्षणांची पूजा केली. १९५४ मध्ये व्हँकुव्हरला जिम पीटर्स मोठ्या आघाडीने स्टेडियममध्ये शिरला आणि मग अकरा मिनिटे पडत-उठत राहिला. शर्यत पूर्ण झाली नाही आणि त्यानंतर तो मॅरेथॉनला उतरलाच नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस शेवटच्या फेरीत वाकडी होऊन, एक पाय ओढत चालत राहिली. कोणी हात लावला तर ती बाद झाली असती, म्हणून डॉक्टर शेजारून चालत नुसते पाहत होते. तिला घाम येतो आहे हे पाहून त्यांनी तिला थांबवले नाही. ती वाचली, आणि ते चित्र जिद्दीचे प्रतीक म्हणून जगभर गेले. आज नियम वेगळा आहे. अधिकृत वैद्यकीय पथकाने धावपटूला तपासले तर ती बाहेरची मदत धरत नाहीत, आणि पथकाने ‘थांब’ म्हटले की धावपटूला थांबावेच लागते. नियमाने कौल कोणाच्या हाती दिला आहे हे यावरून स्पष्ट दिसते.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. ऊन ही नैसर्गिक गोष्ट आहे, पण उन्हात शर्यत ही नैसर्गिक गोष्ट नाही. तारीख, वेळ, मार्ग, प्रवेशसंख्या, पाण्याचे थांबे हे सगळे कोणीतरी ठरवलेले असते. म्हणून आयोजकाची जबाबदारी पाणी वाटण्यापासून सुरू होत नाही. कोणत्या परिस्थितीत शर्यत होणार नाही हे आधी लिहून ठेवण्यापासून ती सुरू होते. ज्याने थांबवण्याची अट आणि थांबवणारा माणूस आधी ठरवलेला नाही, त्याला झेंडा दाखवण्याचाही अधिकार नाही.

‘आधी’ या शब्दावर एवढा भर का, हे शिकागोने दाखवले. ७ ऑक्टोबर २००७ रोजी तिथे अवेळी उष्मा होता. पारा ३१ अंशांपर्यंत गेला आणि हवा दमट होती. पस्तीस हजारांहून जास्त लोक धावत सुटले. पुढे पाण्याच्या थांब्यांवर पाणी संपल्याच्या तक्रारी झाल्या, रुग्णवाहिका अपुऱ्या पडू लागल्या आणि साडेतीन तासांनंतर आयोजकांना शर्यत थांबवावी लागली. एका धावपटूचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या झडपेचा दोष नोंदवला गेला. पण शर्यत थांबवली म्हणजे माणसे रस्त्यावरून नाहीशी होत नाहीत. हजारो लोक तिथेच असतात, त्याच उन्हात, कोणी चालत, कोणी आदेश न जुमानता धावत. त्यांना न्यायला बस लागते, सावली लागते, पाणी तर लागतेच. मधेच थांबवणे हा नाइलाजाचा उपाय आहे. शिकागोने त्यानंतर हिरवा, पिवळा, लाल, काळा अशा चार रंगांची इशारापद्धत आणली. मार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर त्या घडीचा रंग दिसतो आणि प्रत्येक रंगाचा अर्थ धावपटूला आधीच कळवलेला असतो.

बोस्टनने २०१२ मध्ये दुसरा धडा घालून दिला. त्या एप्रिलमध्ये तीस अंशांच्या आसपास तापमानाचा अंदाज आल्यावर आयोजकांनी नोंदणी झालेल्यांना सांगितले की फार तंदुरुस्त नसाल तर यंदा उतरू नका, तुमची जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू. काहींनी तो पर्याय घेतला. तरीही दोन हजारांवर धावपटूंना वैद्यकीय मदत लागली, म्हणजे धोका टळला नाही, पण कमी झाला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याने प्रवेशशुल्क भरले, रेल्वेचे तिकीट काढले, लॉजची खोली घेतली, चार महिने पहाटे उठून सराव केला, त्याला ‘वाटल्यास धावू नका’ म्हणणे ही निवड नव्हे. पैसे आणि जागा पुढे सरकवण्याची सोय असेल तरच त्याच्या ‘स्वेच्छे’ला अर्थ येतो. परतावा किंवा पुढच्या वर्षीचा प्रवेश या गोष्टी आपण ग्राहकसेवेत मोजतो. त्या खरे तर सुरक्षेच्या साधनांत मोजायला हव्यात.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी मिनेसोटातल्या ट्विन सिटीज मॅरेथॉनने उष्म्याच्या अंदाजामुळे शर्यतीच्या दिवशी पहाटे सगळे रद्द केले. लोक हळहळले, रागावले, काही जण स्वतःच धावायला गेले. या मॅरेथॉनचे वैद्यकीय काम डॉ. विल्यम रॉबर्ट्स यांनी अनेक वर्षे पाहिले होते आणि कोणत्या तापमानाला शर्यत सुरूच करू नये, यावर त्यांनी स्वतःच्या शर्यतींची आकडेवारी घेऊन लिहिले होते. त्यामुळे निर्णयाला आधार तयार होता. रद्द करण्याचे धैर्य ऐन वेळी कुठून येत नाही. ते जुन्या नोंदींमधून येते.

ज्यांच्याकडे पैसा आणि विज्ञान दोन्ही होते त्यांचेही हात तारखेने बांधले गेले. २७ सप्टेंबर २०१९ रोजी दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्रीला एक मिनिट उरले असताना सुटली. तेव्हा ३२ अंशांहून अधिक तापमान आणि सत्तर टक्क्यांहून अधिक आर्द्रता होती. वैद्यकीय तयारी भरपूर होती. तरी ६८ जणींपैकी २८ जणींनी शर्यत सोडली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन साप्पोरोला हलवली. तिथेही महिलांच्या शर्यतीच्या आदल्या रात्री सुटण्याची वेळ सातवरून सहावर आणावी लागली आणि पुरुषांच्या शर्यतीत १०६ पैकी ३० जण अंतिम रेषेपर्यंत पोहोचले नाहीत. चूक घडते ती कितीतरी आधी, स्थळ आणि महिना ठरवणाऱ्या बैठकीत. शर्यतीच्या दिवशी तिची किंमत फक्त मोजली जाते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात धावण्याचा हंगाम म्हणजे पावसाळ्याचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि साधारणपणे जानेवारीत होते, पुण्याची १९८३ पासून थंडीच्या तोंडाशी. या तारखांमागे शहाणपण आहे. पण गेल्या काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यांत, महाविद्यालयांच्या आणि रुग्णालयांच्या वर्धापनदिनांना, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना मॅरेथॉन निघू लागल्या आणि तारीख ठरू लागली ती उत्सवमूर्तीच्या सोयीने. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणपट्टीत पूर्वेचे वारे बराच वेळ टिकले की समुद्रावरचा वारा उशिरा येतो आणि नऊ ते अकरा या दोन तासांत पारा झपाट्याने चढतो. याच दोन तासांत अर्धमॅरेथॉनचे शेवटचे आणि पूर्ण मॅरेथॉनचे मधले धावपटू रस्त्यावर असतात.

त्यात आपली खास भर म्हणजे पाहुणे. साडेपाचला सुटणारी शर्यत सव्वासहाला सुटते, कारण झेंडा दाखवणारे यायचे असतात. मग सत्कार, दोन शब्द, झुंबा. पंचेचाळीस मिनिटांचा हा उशीर व्यासपीठावर कोणाला बोचत नाही. तो बोचतो तीन तासांत पोहोचणाऱ्या शेवटच्या गृहिणीला, जिच्या वाट्याला आता नऊनंतरचा डांबरी रस्ता येतो. तिथवर पाण्याचे टेबल बहुधा आवरलेले असते आणि स्वयंसेवक मुले सेल्फी काढून घरी गेलेली असतात. म्हणून आयोजन पाहावे ते शेवटच्या माणसाच्या जागी उभे राहून. पहिला धावपटू कोणत्याही व्यवस्थेत पोहोचतोच.

‘आम्ही भरपूर पाणी ठेवले होते’ हे उत्तरही पुरेसे नाही. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या संधीवर पाणी पिणे कमकुवतपणाचे समजत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये आयोजक जेम्स सलिव्हन यांनी पाण्याविना शरीर किती तग धरते हे पाहण्याच्या हौसेने रस्त्यात पाणी जवळजवळ ठेवलेच नाही; ३२ जणांपैकी १४ जण पोहोचले. शंभर वर्षांनी लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या दिशेने घसरलेले आढळले. मुख्य कारण होते गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे, आणि संथ धावणारे त्यात पुढे होते. वेगवान धावपटूला उष्णता मारते आणि मंद धावपटूला अतिपाणीही मारू शकते. वैद्यकीय तंबूत आलेला माणूस यांपैकी कोणता हे डोळ्यांनी कळत नाही. ओरडून ‘पाणी प्या, पाणी प्या’ सांगणारा उत्साही स्वयंसेवक आणि आलेल्या प्रत्येकाला सलाइन लावणारा तंबू, दोघेही सद्भावनेने नुकसान करू शकतात.

पाणी कोणी द्यायचे हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये १४ ऑगस्ट २०१६ रोजी भारताची ओ. पी. जैशा मॅरेथॉन संपवून कोसळली. परत आल्यावर तिने सांगितले की इतर देशांच्या टेबलांवर माणसे होती, भारताच्या टेबलावर कोणी नव्हते. अॅथलेटिक्स महासंघाने उलट म्हटले की खास पेय नको असे आधीच कळवण्यात आले होते. खरे काय यावर चौकशी नेमली गेली. पण रिकाम्या टेबलासाठी दोन्ही बाजूंना एकमेकांकडे बोट दाखवता आले, यातच सगळे आले. जबाबदारी नावानिशी लिहिलेली नसली की ती सगळ्यांची असते, आणि उन्हात ती कोणाचीच नसते.

उष्माघातावर उपचार आहे आणि तो स्वस्त आहे, ही या विषयातली सर्वांत आशादायक आणि म्हणूनच सर्वांत लाजिरवाणी बाब. अमेरिकेतल्या केप कॉडवर ऑगस्टच्या उन्हात फाल्मथची सात मैलांची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले आणि सगळेच्या सगळे वाचले. रहस्य काय? गुदद्वारातून तापमान मोजायचे, कारण धावून आलेल्या माणसाच्या काखेतले किंवा कानातले तापमान फसवते. आणि लगेच बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात बसवायचे. आधी थंड करा, मग हलवा. आपल्याकडची सवय नेमकी उलटी आहे. ‘आधी दवाखान्यात न्या’ म्हणून रुग्णवाहिकेत घालतात आणि बंद केलेल्या रस्त्यांच्या कोंडीत पहिली वीस-तीस मिनिटे, म्हणजे मेंदू वाचवण्याचा सगळा अवधी, निघून जातो. टब नसेल तर ताडपत्रीवर माणसाला आडवे करून, चौघांनी कडा उचलून, त्यात बर्फाचे पाणी ओतून ढवळत राहिले तरी शरीर थंड होते. कोळीवाड्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत बर्फाच्या लाद्या पोहोचवणाऱ्या महाराष्ट्रात ही साधने महाग म्हणता येणार नाहीत. तंबूत एक आडोसा, एक योग्य थर्मामीटर, दोन टब, लाद्या आणि त्या वापरायला शिकवलेली माणसे. फिनिशरच्या टी-शर्टवर होणाऱ्या खर्चाच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

मोजायचे काय, हेही ठरलेले आहे. फक्त पारा पाहून उपयोग नाही. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचे वाचन सत्तर टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याचे वीस टक्के आणि साध्या हवेचे दहा टक्के अशी बेरीज करून जो निर्देशांक निघतो, तो वेट बल्ब ग्लोब तापमान म्हणून ओळखला जातो. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणात जवान कोसळू लागल्यावर तो वापरात आणला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने या निर्देशांकावर २८ अंशांपलीकडे लांब शर्यती न घेण्याचा सल्ला दिला. थंड प्रदेशातल्या शर्यतींसाठी रॉबर्ट्स यांचे अनुभव त्याहून बरेच खाली थांबायला सांगतात. आपल्या हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष किनाऱ्यावर कमाल ३७ अंश आणि मैदानी भागात ४० अंशांपासून सुरू होतो. तो शेतकऱ्यासाठी, वृद्धांसाठी, रोजच्या व्यवहारासाठी आहे. साडेतीन तास धावणाऱ्या माणसाला त्याच्या कितीतरी आधी धोका असतो. त्यामुळे ‘हवामान खात्याचा इशारा नव्हता’ हा बचाव ऐकू आला तर समजावे की आयोजकाने पाहायला हवा तो आकडा पाहिलाच नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो तो सवयीचा. आपण उन्हातलीच माणसे, आपल्याला काय होते? यात अर्धे सत्य आहे. दहा-चौदा दिवस उन्हात श्रम केल्यावर शरीर खरोखर जुळवून घेते. घाम लवकर येतो, त्यातले मीठ कमी होते. पण ही कमाई त्या श्रमाची असते, जन्मभूमीची नव्हे. पहाटे पाचला मरीन ड्राइव्हवर किंवा पाषाण रस्त्यावर सराव करून दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या धावपटूचे शरीर पहाटेला सरावलेले असते. नऊच्या उन्हाशी त्याची ओळख शर्यतीच्या दिवशीच होते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. इतक्या अटी घातल्या तर गावोगावच्या छोट्या शर्यती बंद पडतील, आणि मधुमेहाने ग्रासलेल्या समाजाला धावायला लावणारी ही चळवळच खुडली जाईल. ही भीती मी हलकी मानत नाही. पण छोटी शर्यत सुरक्षित करायला मोठा पैसा लागत नाही. महिना बदलायला, साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच सोडायला, उन्हाच्या दिवशी एकवीसचे दहा किलोमीटर करायला, सावलीचा रस्ता निवडायला आणि पाहुण्यांना समारोपाला बोलवायला एक रुपयाही पडत नाही. जो हे करत नाही त्याची अडचण पैशाची नसते.

उष्ण सकाळी माणसांना धावायला लावण्याचा विषय हौशी मॅरेथॉनपुरता राहत नाही. जिथे धावणारा पैसे भरून नव्हे, पोटासाठी धावतो, तिथे स्वेच्छेचा सगळा युक्तिवाद गळून पडतो. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या चाचणीत उमेदवार मृत्युमुखी पडले, आणि मग अंतर व वेळ बदलण्याचे निर्णय झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडात उत्पादनशुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक तरुण गेले. त्यानंतर भरती काही दिवस थांबवली गेली. आणि धावणेही नको, नुसते बसणे पुरे, हे खारघरने दाखवले. १६ एप्रिल २०२३ च्या ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात लाखोंचा समुदाय उघड्या मैदानावर उन्हात बसला आणि चौदा जणांचा मृत्यू झाला. दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय सरकारने त्यानंतर लगेच जाहीर केला. काही दिवसांत घेता येणारा निर्णय एप्रिलच्या सुरुवातीला घेता आला असता. या तिन्ही ठिकाणी आयोजक स्वतः शासन होते. म्हणजे जो परवाने देतो त्यालाही थांबण्याची अट आधी लिहिण्याची सवय नाही.

कायदा या बाबतीत वाटतो तितका मुका नाही. अर्जावरच्या त्या खुणेने निष्काळजीपणाचा गुन्हा धुऊन निघत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हयगयीने मृत्यू हा गुन्हा आहे आणि मृताच्या संमतीपत्राने तो मिटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ग्राहकाचे हक्क एकतर्फी हिरावणाऱ्या अनुचित करारांची दखल घेतली आहे. आयोजनाचे काम दुसऱ्याला दिले म्हणून जबाबदारी सुटते का, याचे उत्तर मेरठच्या प्रकरणात मिळते. १० एप्रिल २००६ रोजी व्हिक्टोरिया पार्कमधल्या ग्राहकवस्तू प्रदर्शनाला आग लागून ६५ माणसे गेली. मंडप आणि वीज ठेकेदाराची, असे आयोजक म्हणत राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि भरपाईचा भार आयोजकांवर ६० टक्के व राज्यावर ४० टक्के टाकला. मॅरेथॉनमध्येही मार्ग एका संस्थेचा, पाणी दुसऱ्याचे, वैद्यकीय तंबू एखाद्या रुग्णालयाच्या जाहिरात विभागाचा, असे तुकडे असतात. लोकांना ज्याने बोलावले आणि ज्याने परवानगी दिली, त्या दोघांना हे तुकडे जोडून उत्तर द्यावे लागेल.

म्हणून मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. प्रत्येक शर्यतीच्या नोंदणीपत्रावर चार गोष्टी असाव्यात: कोणत्या निर्देशांकाला शर्यत छोटी होईल आणि कोणत्याला रद्द; तो निर्णय घेणाऱ्याचे नाव (तो प्रायोजकांच्या पगारावर नसलेला डॉक्टर असावा); रद्द झाल्यास पैशांचे किंवा पुढच्या प्रवेशाचे काय; आणि थंड करण्याचे टब कोणत्या किलोमीटरवर आहेत. महापालिका आणि पोलीस रस्ता बंद करण्याची परवानगी देताना वाहतुकीचा नकाशा मागतात. त्याच टाचणीला हा एक कागद जोडून मागावा, आणि तो नसेल तर रस्ता देऊ नये. शर्यतीनंतर किती जण तंबूत आले, किती जणांचे तापमान किती होते, किती रुग्णालयात गेले, हे आकडे जाहीर व्हावेत. पदक कोणाला मिळाले याइतकेच ते सार्वजनिक महत्त्वाचे आहेत, आणि पुढच्या वर्षी शर्यत रद्द करण्याचे धैर्य याच आकड्यांतून येणार आहे.

धावपटूंच्या हातातही एक अधिकार आहे. तो त्यांनी आजवर फारसा वापरलेला नाही. टी-शर्टचा रंग, पदकाचे वजन, मार्गाची दृश्ये यांवर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या रनर मंडळींनी पैसे भरण्याआधी आयोजकाला एकच प्रश्न विचारावा: तुम्ही ही शर्यत कधी घेणार नाही? ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्याकडे नोंदणी करू नये. दहा आयोजकांना हा प्रश्न हजार धावपटूंनी विचारला, तर सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.